इस्त्रीला चिकटलेली दोन अक्षरं

काल दुपारी इस्त्री करताना भाच्याच्या टीशर्टवरची दोन अक्षरं उचकटून इस्त्रीला चिकटून आली. प्रिंटवाला टीशर्ट उलटा करूनच इस्त्री करायची असते हे मला माहीत नाही असं नाही, पण कानाला फोन होता, इस्त्री फुल्ल गरम होती, आणि चर्र असा बारीकसा आवाज आला तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. छातीवर मोठ्ठ्या कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'नथिंग इज इम्पॉसिबल'. आता शेवटच्या शब्दाची पहिली दोन अक्षरं, आय आणि एम, गायब. उरलं काय, तर 'नथिंग इज पॉसिबल'.

आधी पोटात गोळा आला आणि मग इतकं हसू फुटलं की फोनवरच्या मैत्रिणीला वाटलं मी तिलाच हसतेय, आणि ती बिचारी गुडघ्याच्या दुखण्याबद्दल सांगत होती. फोन ठेवल्यावर मात्र टीशर्ट समोर धरून बराच वेळ बघत बसले. आख्खं मोटिव्हेशन नुसतं दोन अक्षरांवर तोललेलं होतं म्हणजे, आणि तीही प्लास्टिकची.

एम.ए.ला असताना थिअरीचा, म्हणजे चित्रं, जाहिराती, भाषा यांच्यामागचा अर्थ कसा वाचायचा याचा, एक पेपर होता. मार्क बेताचेच पडले, पण डोळ्यांना जी खोड लागली ती लागलीच. त्यानंतर कुठलंच चित्र सरळ बघता येत नाही. स्वच्छतागृहाच्या दारावरच्या बाहुल्या बघा, पुरुष म्हणजे नुसता माणूस आणि बाई म्हणजे माणूस अधिक झगा. वॉशिंग मशीनच्या जाहिरातीतली बाई मशीनला टेकून अशी हसत असते की जणू आत्ताच तिला मोक्ष मिळालाय. घरातले म्हणतात तू जाहिरात तरी सुखाने बघू दे. मी म्हणते मी कुठे काय बोलले. (बोललेली असतेच.)

याला जबाबदार माणूस म्हणजे फ्रेंच लेखक-विचारवंत रोलां बार्थ. हा न्हाव्याकडे बसला होता, हातात कुणीतरी एक मासिक दिलं, त्याच्या कव्हरवर फ्रेंच गणवेशातला एक काळा मुलगा सलाम करतोय, नजर वर, बहुतेक झेंड्याकडे. बास, फोटो एवढाच. पण तो सांगत काय होता, तर फ्रान्सचं साम्राज्य बघा किती थोर, सगळ्या रंगांची लेकरं कशी मनापासून झेंड्याखाली उभी आहेत. हे त्याने छापलं १९५७ साली, तेव्हा तिकडे अल्जीरियात लोक याच साम्राज्याशी लढत होते. फोटो खोटा नव्हता हो, मुलगा खरंच सलाम करत असणार. मेख तीच आहे, माणसांनी मुद्दाम घडवलेली गोष्ट अशी समोर ठेवायची की ती पावसासारखी आपोआप पडलीय असं वाटावं. कपड्यांवरही त्याने एक अख्खं पुस्तक लिहिलं. आणि १९८० च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या रस्त्यात त्याला धडक कसली बसावी, तर लाँड्रीच्या गाडीची, महिन्याभराने तो गेला. हसायची गोष्ट नाही ही, पण कपड्यांचा ढीग समोर असला की मला ती गाडी हमखास आठवते.

पण बार्थला चित्रातून अर्थ उकरून काढावा लागायचा. टीशर्ट तर स्वतःच बोलतो, तिथे आपण काय उकरणार? आणि काही टीशर्ट बोलले ते बरंच झालं. १९८४ मध्ये कॅथरीन हॅम्नेट ही डिझायनर ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरना भेटायला गेली ती कोटाच्या आत टीशर्ट लपवून, आणि फोटोच्या वेळी कोट उघडा. '५८ टक्के लोकांना पर्शिंग नको.' पर्शिंग म्हणजे तेव्हा युरोपात आणून ठेवलेली अमेरिकन अण्वस्त्रं. अक्षरं इतकी ढब्बू की फोटोतून ती कापायची म्हटलं तर बाईच कापावी लागली असती. हा टीशर्ट मला मान्य आहे, कारण त्यात आकडा आहे आणि समोर कोण उभं आहे ते नक्की ठरलेलं आहे. 'नथिंग इज इम्पॉसिबल' कुणाला उद्देशून आहे?

त्याच्या उलट ते 'कीप काम अँड कॅरी ऑन', म्हणजे शांत राहा आणि आपलं काम चालू ठेवा. १९३९ ला ब्रिटिश सरकारने पोस्टर छापलं, जवळजवळ साडेचोवीस लाख प्रती, की फारच वाईट वेळ आली, बॉम्ब बिम्ब पडायला लागले, तर लावू. आणि ते लावलंच नाही फारसं, बहुतेक रद्दीत गेलं. मग २००० साली इंग्लंडच्या उत्तरेकडे जुन्या पुस्तकांच्या एका दुकानदाराला पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी त्याची घडी घातलेली एक प्रत सापडली, त्यांनी फ्रेम करून दुकानात लावली, लोक विचारायला लागले आम्हाला पण पाहिजे, आणि आता ते मगवर आहे, उशीवर आहे, मोज्यांवरसुद्धा असेल. म्हणजे बॉम्ब पडत होते तेव्हा ज्याने कुणाला धीर दिला नाही ते आता सोमवारी सकाळी आपल्याला धीर देतंय. यावर फ्रँकफर्टवाल्या अडोर्नोने, म्हणजे बाजारू करमणुकीवर सतत टीका करणाऱ्या जर्मन विचारवंताने, काय तोंड केलं असतं ते मी डोळ्यासमोर आणू शकते, पण त्या माणसाला तसंही कुठल्याच गोष्टीत मजा वाटायची नाही.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातला पहिला लिहिलेला टीशर्ट आतेभावाचा होता. तो वापरून मोठा झाला आणि टीशर्ट माझ्याकडे आला, गुडघ्यापर्यंत लांब, विटका निळा, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'स्टाफ'. मला तेव्हा ए, एस, टी अशी सुटी अक्षरं यायची पण जोडून शब्द वाचता यायचा नाही. बाबांना विचारलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाले, काही वाईट नाहीये, घाल. तोच घालून मला एका विज्ञान प्रदर्शनाला नेलं होतं. मी एका दाराशी उभी, आई-बाबा आत कुठल्यातरी चुंबकात रमलेले, आणि एक उंच काका मागून म्हणाले, काय हो स्टाफ, बाहेर जायचा रस्ता कुठून? ते गंमत करत होते हे मला आता कळतं. पण तेव्हा मी वळले. आणि वळून हात करून दाखवलं की इकडून. ते थँक्यू म्हणून गेले. त्यानंतर दुपारभर मी त्या दाराशीच उभी राहिले आणि येईल त्याला, विचारो न विचारो, सांगत सुटले, इकडून जा, इकडून. दोन बायकांना तर मी थांबवलं, कारण त्या आत यायच्या दाराने बाहेर जात होत्या! आई न्यायला आली तेव्हा म्हटलं मला काम आहे.

पुढे वीसेक वर्षांनी अल्थुसेर या फ्रेंच मार्क्सवादी विचारवंताचा तो १९७० चा निबंध वाचला, त्यात रस्त्यात पोलीस मागून हाक मारतो, अहो तुम्ही, आणि माणूस वळतो, आणि त्या वळण्यातच तो व्यवस्थेचा माणूस होऊन जातो. वर्गात सगळे डोकं खाजवत होते. मला दोन मिनिटांत कळलं. मला तर हाक मारणारा पोलीसही लागला नव्हता, पाठीवरचे पाच अक्षरांचे रबरी ठसे पुरले.

आता माझी एक खोड सांगते. कपडा नवीन आणला की मी आधी मानेमागचं लेबल कापते. टोचतं मला. बरगडीशी आत शिवलेलं असतं तेही, उसवून काढते, सुईने, एकेक टाका, कपड्याला भोक न पाडता, त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. काल त्या टीशर्टला आतून हात लावून बघितला तर लेबल जागच्या जागी, एक नाही, तीन पानांची गड्डीच होती. कापूस किती, पॉलिएस्टर किती, कुठल्या देशात शिवला, आणि शेवटच्या पानावर इस्त्रीचं चित्र आणि त्यावर फुली. म्हणजे तिथे लिहिलेलं होतं हो सगळं! टीशर्टावर लिखाण दोन प्रकारचं असतं, बाहेरचं आणि आतलं, आणि कामाचं ते आतलं असतं. मार्क्सने वस्तूचं मूल्य समजावताना उदाहरण घेतलंय ते कोटाचं, वीस वार लिनन बरोबर एक कोट, आणि सारखं बजावतो की या बरोबरच्या चिन्हामागे विणणारे आणि शिवणारे हात दडलेत ते विसरू नका. त्याचा स्वतःचा कोट १८५२ मध्ये गहाण होता, एंगल्स या मित्राला पत्रात लिहिलंय की कोट नसल्याने घराबाहेर पडता येत नाही. त्याला कोटाबद्दल इतकं का सुचलं असेल ते मला तरी यात दिसतं. आणि मी, हे सगळं वाचलेली बाई, त्या हातांचा जो एवढासा पत्ता कपड्यावर उरतो, 'मेड इन' अमुक तमुक, तो पहिल्याच दिवशी कात्रीने कापून केरात टाकते. कारण टोचतं.

संध्याकाळी भाचा आला. मी टीशर्ट दोन्ही हातांनी पुढे धरला, गुन्हेगारासारखी.

'अरे, सॉरी. मी नवीन घेऊन देते तुला.'

त्याने बघितलं. 'काय झालं?'

'अरे वाच ना!'

वाचलं त्याने. ओठ हलवत, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. 'आधी काय होतं?'

दोन वर्षं घालतोय तो हा टीशर्ट. म्हणाला, 'मावशी, मी कुठे वाचत बसतो, मला तो रंग आवडला होता.' आणि अंगात घालून गेलासुद्धा खेळायला. खरंच की, घालणाऱ्याला ते दिसतं कुठे, मान वाकवली तर उलटं दिसतं आणि आरशात बघितलं तर आणखी वेगळं उलटं. मी आपली त्याच्याकडे बघून दोन वर्षं मनात म्हणत आले, बघा कशी एवढ्या पोरांच्या छातीवर सुद्धा स्पर्धा छापतात. त्याच्या दृष्टीने तो मेंदी रंगाचा टीशर्ट होता. थिअरीत याचं उत्तर आहे, मला माहितीये, न वाचता घालणं हेच तर त्या घोषणेचं यश वगैरे. पण ते उत्तर मला काल संध्याकाळी काही देववेना, तो इतका मजेत जिना उतरत होता.

इस्त्री खरवडायची राहूनच गेली. आणि ते विसरून रात्री उशीचा अभ्रा घेतला इस्त्रीला, पांढरा. इस्त्रीवर उलटी चिकटलेली अक्षरं अभ्र्यावर सुलट उमटली, कोपऱ्यात, जरा तिरकी. आय, एम. इंग्रजीत मध्ये वर एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्यायची राहिलीय एवढंच, नाहीतर चक्क 'मी आहे'.

व्हिनेगरने निघतं म्हणतात. बघू. काल त्याच्यावरच झोपले.