आईने आज उत्तर दिलं नाही

शनिवार, रात्री

‘गॅस बंद मगो?’ मी विचारलं. आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, ‘म्हाका खबर ना गो बाय.’ मला माहीत नाही, एवढंच.

झालं ते एवढंच. पण संध्याकाळपासून खुपतंय. रागावून म्हणाली असती तर चाललं असतं. पूर्वी चिडायची, ‘कितीदा सांगू तुला, बंद, बंद, बंद!’ त्या चिडण्यातही तीन वेळा ‘बंद’ पदरात पडायचं आणि माझी रात्र निघायची. आजचा आवाज साधा होता, पाठ करून ठेवल्यासारखा साधा.

आणि पाठ केलेलाच होता. मला ओसीडी आहे, तीच शंका पुन्हा पुन्हा तपासायला लावणारा आजार. मागच्या सेशनला थेरपिस्ट मॅडमनी आईला आत बोलावून घेतलं, तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होते. मॅडम म्हणाल्या, हिने खात्री मागितली तर द्यायची नाही. प्रेमाने टाळायचं, भांडायचं नाही, पण ‘हो, बंद आहे’ म्हणायचं नाही. मीही मान डोलावली. क्लिनिकच्या एसीत बसून मान डोलावणं सोपं असतं.

कारण मला पटलेलं आहे, हीच तर पंचाईत. आईचं ‘बंद’ म्हणजे सावकाराचा पैसा: हातात पडतो तेव्हा सुटल्यासारखं वाटतं, तासाभरात व्याज दारात उभं. शंका परत येते ती आधीपेक्षा मोठी होऊन. दर वेळी कोणीतरी सुटका केली की मनाला एकच कळतं, की धोका होता आणि विचारलं म्हणून वाचलो. न विचारता तशीच बसले तर अस्वस्थता चढते, वर जाऊन थांबते आणि बऱ्याचदा आपणहून उतरते. नाही उतरली, तरी ती घेऊन बसता येतं हे तरी कळतं. वहीत अस्वस्थतेचा शून्य ते शंभर असा आकडा लिहायचा असतो. आज संध्याकाळी ऐंशी लिहिला. थोडा वाढवूनच लिहिला असेल, आईवरच्या रागापायी.

खरं म्हणजे बंद आहे हे मला दिसत होतं. शेगडीच्या कळा सरळ, सिलिंडरचं बटण फिरवलेलं. डोळ्यांना दिसतं आणि पुढे कुठे पोचत नाही. म्हणून तिला विचारायचं. दुसऱ्या कोणाला विचारत नाही मी, ऑफिसात तर दातखीळ बसल्यासारखी गप्प असते. जगात एक माणूस असं हवं ना, ज्याला शंभरदा विचारायची लाज वाटत नाही? तेही आता पथ्यात वर्ज्य. बाबा असते तर

असो.

हा उपचार काढला कोणी, हेही मी मॅडमना मागे खोदखोदून विचारलं होतं. (पुरावा मागणं हा माझा जुनाच धंदा. त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगायला नकार दिला.) १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने धुण्या-पुसण्याच्या सक्तीत अडकलेल्या एका पेशंटला इस्पितळात ठेवून धुण्यापासून अडवलं. नर्स पहाऱ्यावर. तोवर हा आजार कशालाच दाद देत नाही असं धरून चालत. त्या पेशंटला परक्या नर्सनी अडवलं, निदान घरी गेल्यावर त्यांच्या नावाने बोटं मोडता आली असतील. माझी नर्स मला सकाळी चहा करून देते.

गोळीही चालू आहे. ओसीडीत तिचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे त्या आघाडीवर सध्या वाट बघणे. आणि ते दुसरे विचार, ज्यांच्याबद्दल फक्त मॅडमना ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही. एवढंच, की १९७८ मधल्या रॅकमन आणि डी सिल्वा यांच्या अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं: आजार नसलेल्या बहुतेकांच्याही डोक्यात असे नकोसे विचार येऊन जातात. येतात आणि जातात. माझ्याकडे मुक्कामाला राहतात.

आईचंच मनातून जात नाही. म्हणजे तिला जमलं कसं? थेरपी सुरू करावी की नाही हे ठरवायला हीच बाई देवळात प्रसाद घ्यायला, म्हणजे देवाचा कौल मागायला गेली होती. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हणजे देवाचं ‘हो’, आणि ती फोंड्याच्या बाजारातून भेंडी घेऊन घरी आली. विषय संपला. मी त्या दिवशी तिच्याबरोबर होते, आणि माझ्या मनात काय चाललं होतं? पाकळी नीट ओली होती का. पंख्याचा वारा लागला का. गुरवाचा हात लागला का. पुन्हा लावून बघायला सांगावं का. देवाचं उत्तरही मला एकदा पुरत नाही, तिथे आईचं काय पुरणार होतं.

हे लिहिताना हसू आलं. संध्याकाळपासूनचं पहिलं.

सेशननंतर मी पणजीत मांडवीच्या काठाने जरा चालते, मग कदंब स्टँडवरून फोंड्याची बस. जुन्या सचिवालयाच्या बाजूला संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आहे, हात पसरून उभा, समोर ती कोसळणारी बाई. इतकी वर्षं बघतेय, आज थांबून बघितलं. म्हटलं, असं कोणीतरी हात पसरून ‘बंद आहे’ असं एकदाच म्हणावं आणि आपण आडवं व्हावं. पण १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या पाद्र्याचं म्हणणं नेमकं उलटं. पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरचे लोक माणसाला झोपवणाऱ्या चुंबकीय द्रवाच्या गोष्टी सांगत, तेव्हा हा सांगे की माझ्या हातात काही नाही, जे आहे ते झोपणाऱ्याच्या मनात. म्हणजे तिथूनही मला हात हलवत परत. गोव्याची माणसं या बाबतीत एकजात कठोर दिसतात.

आता एक गोष्ट आठवतेय, जी मघाशी रागाच्या भरात नीट बघितली नाही. आई टीव्हीकडे बघत होती तेव्हा मालिका संपून जाहिराती लागल्या होत्या. आई जाहिराती बघत नाही. जाहिरात लागली की उठते, भाजी निवडते, काकीला फोन लावते. आज साबणाची जाहिरात, मोबाइलची जाहिरात, सगळ्या जाहिराती पापणी न हलवता बघितल्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या आकड्याची वही कोणी केलेली नाही. केली असती तर आज माझ्यापेक्षा वरच निघाला असता. जेवताना मला दोनदा सोलकढी वाढली, न विचारता.

अजूनही दुखतंय, ते गेलं असं नाही. तिने ‘बंद’ म्हटलं असतं तर मी आत्ता झोपलेली असते. फार तर बारापर्यंत. मग पुन्हा तिच्या खोलीच्या दारात, आणि तिचं ते झोपेतलं ‘बंद, बंद’.

आकडा आता पंचावन्न असेल. पन्नास. दर पाच मिनिटांनी आकडा बघत बसणं हाही तपासण्याचाच प्रकार, हे मॅडम सांगतीलच, म्हणून विचारणार नाही.

पुढची पायरी गणेश चवथीला. घर भरलेलं, दोन्ही शेगड्या रात्रीपर्यंत चालू, कोण कुठली कळ फिरवतंय याचा कोणाला पत्ता नाही. मी हे रडत सांगितलं तर मॅडमचे डोळे चमकले. वहीत लिहून घेतलंय: नेवऱ्या मी तळायच्या, आणि शेवटी गॅस कोणी बंद केला ते कोणालाच विचारायचं नाही. मामीचा प्रश्न नाही, ती माझ्याशी बोलतच नाही. दादाला मात्र पुण्याहून निघण्याआधी सांगून ठेवावं लागेल. त्याला काहीही विचारा, प्रश्न पुरा ऐकायच्या आधीच ‘हो हो, टेन्शन घेऊ नकोस’ म्हणतो.