बारावी पिन

दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे एक तरी वस्तू बिघडतेच. गेल्या वर्षी मिक्सर, यंदा मॉनिटर. तसा चालू होता म्हणा. पण टेबल ओढून, मागचा कोळ्यांचा संसार उठवून मी वायरी परत जोडल्या आणि पडदा उजळला, तर वॉलपेपरवरचा आमचा घरचा गणपती आडवा सुटलेला! चेहरा भाकरीसारखा, सोंड मनगटाएवढी. लंबोदर म्हणून पोट खपून गेलं, पण उंदराचा पार ससा झाला होता.

रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले आडवे-उभे ठिपके, १०२४ बाय ७६८ वर येऊन बसलं होतं. मॉनिटर १९२० बाय १०८० चा, त्यामुळे ते चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवलेलं. सेटिंग उघडलं तर यादीत ८०० बाय ६०० आणि १०२४ बाय ७६८. संपली यादी.

बाबा मात्र खूश. ते आमच्या सोसायटीचे खजिनदार. नौपाड्यातली चोवीस बिऱ्हाडांची जुनी इमारत, तिच्या मेंटेनन्सचा हिशेब ते एक्सेलमध्ये ठेवतात. "अरे, किती मोठं दिसतंय! राहू दे असंच." अक्षरं मोठी होती खरी, पण कडा पुसट, पावसात भिजलेल्या पोस्टकार्डासारख्या. शिवाय एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच रकाने मावत होते. नोव्हेंबरपासून पुढचं वर्ष पडद्याबाहेर.

मग नेहमीचे उपचार. तीनदा रिस्टार्ट. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ड्रायव्हर नव्याने टाक." ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्याकडे चित्र पाठवणारा भाग, चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर. टाकला. ढिम्म. एका दुकानदाराने तर मशीन न बघताच "कार्ड गेलं असणार" असं सांगून टाकलं. हे लोक पूर्वी रेडिओ दुरुस्त करत असावेत, तेव्हाही न बघता "व्हॉल्व्ह गेला" म्हणत असणार.

शेवटी डिव्हाइस मॅनेजर उघडला, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या भागांची यादी. ग्राफिक कार्ड तिथे नावागावासकट हजर होतं, म्हणजे ड्रायव्हर आणि कार्ड दोघेही निर्दोष. मॉनिटरच्या जागी मात्र लिहिलं होतं, 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'. थोडक्यात, दारात कुणीतरी उभं आहे, कोण ते ठाऊक नाही.

इथे मला मजा वाटली. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्याची माहिती लिहिलेली असते. ईडीआयडी म्हणतात त्या माहितीला. वाचायला घेतली तर थेट लग्नाचा बायोडेटा! घराणं, म्हणजे कंपनी, तीन अक्षरांत. जन्म कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. आणि अपेक्षा, म्हणजे कुठलं रिझोल्यूशन मानवतं ते. मूळ मजकूर फक्त १२८ बाइटचा; आमच्या नात्यातल्या एकाही बायोडेटाला हा आटोपशीरपणा जमलेला नाही. वायर जोडली की कॉम्प्युटर आधी हा कागद मागतो. तो आला नाही, तर जपून वागतो. न झेपणारा सिग्नल पाठवला आणि पडदा काळा पडला तर काय, म्हणून कुणालाही चालेल असं साधंसं चित्र पाठवून मोकळा होतो. अनोळखी पाहुण्याला आपण चहा-बिस्किटं देतो, तसं.

कागद अडला कुठे? आमची वायर व्हीजीए, निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली. १९८७ साली आयबीएमने आणलेली ही जात आमच्याकडे अजून नांदते आहे. टोक उपटून उजेडात धरलं. पंधरा पिना हव्यात, मोजल्या तर चौदा. छातीत धस्स झालं. नंतर कळलं, नऊ नंबरची पिन बऱ्याच वायरींना मुळातच नसते. उगाच घाबरलो.

गुन्हेगार खालच्या ओळीत होती. दुसरी पिन, नंबर बारा. आडवी होऊन शेजारणीला टेकलेली. घाईघाईत मी वायर तिरकी खुपसली, त्याचं हे फळ. लाल, हिरवा, निळा हे रंग एक, दोन, तीन नंबरच्या पिनांवरून जातात आणि त्या ताठ होत्या, म्हणून चित्र व्यवस्थित येत होतं. बायोडेटा जातो बाराव्या पिनेवरून. तेवढाच अडला होता.

नवी वायर आणायला गोखले रोडवर जाणं म्हणजे दिवाळीच्या गर्दीत स्वतःला झोकून देणं. मुलीच्या दप्तरातून पेन-पेन्सिल काढली, तिचं शिसं काढून टाकलं. पुढची पोकळ धातूची नळी पिनेवर अलगद बसवली आणि श्वास रोखून, केसभर, केसभर उभी केली. जोर लावला तर पिन तुटते. आई दाराशी उभी राहून म्हणाली, "एवढं हलक्या हाताने कधी चकली पाडली असतीस तर!"

वायर सरळ बसवली, स्क्रू आवळले, मशीन चालू केलं. गणपती सडपातळ झाला, उंदीर पुन्हा उंदीर.

"अरे, माझी अक्षरं कुठे गेली?" बाबांचा आवाज.

रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरच ठेवून स्केल, म्हणजे अक्षरं-चित्रं दाखवायचा आकार, दीडशे टक्के केला. अक्षरं मोठी आणि कडाही स्वच्छ, पण रकाने डिसेंबरलाच संपले. सव्वाशेवर आणला तेव्हा फेब्रुवारीपर्यंत दिसायला लागलं. बाबांनी चष्मा वर-खाली करून एकदा एप्रिलपासून तिथपर्यंत नजर फिरवली.

"मार्च दिसत नाहीये," मी म्हणालो.

"असू दे. मार्चला अजून वेळ आहे."