उभ्या उभ्या

"उभ्या उभ्या येऊन जाते" असं फोनवर सांगणारी बाई आली की तासभर बसते, चहा घेते आणि निघताना दारात आणखी अर्धा तास उभी राहते. मीही त्यातलीच. पण टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन नावाच्या गावात एका संध्याकाळी मी अगदी शब्दशः उभ्या उभ्या जाऊन आले. साडेतीन तास.

लेक तिथे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात एमएस करत होती. नोव्हेंबरात मी गेले, तर म्हणाली, "फुटबॉलची मॅच दाखवल्याशिवाय तुला परत पाठवणार नाही." (फुटबॉल म्हणजे तिकडचा, अमेरिकन. लांबट चेंडू हातात धरून पळायचा.) पाहुण्यांचा पास मिळाला, मरून रंगाचा टी-शर्ट मिळाला (हा शब्द मराठीत लिहिताना दरवेळी दचकायला होतं), आणि स्टेडियमच्या दारात पोचल्यावर तिने हळूच सांगितलं, "आई, एक राहिलंच. आत बसायचं नसतं."

"म्हणजे?"

"आमच्या बाजूला सगळे शेवटपर्यंत उभे असतात. शंभर वर्षांची पद्धत आहे."

"आणि शंभर वर्षांत कुणाचे गुडघे दुखले नाहीत?"

"काकू, आम्ही धरू ना तुम्हाला," तिची नागपूरची रूममेट म्हणाली. तिचे गुडघे तेवीस वर्षांचे होते.

या पद्धतीच्या मुळाशी एक मुलगा आहे, आणि तो खेळलाच नाही. २ जानेवारी १९२२, डॅलस. ए अँड एमसमोर केंटकीच्या सेंटर कॉलेजचा संघ होता. काही महिन्यांपूर्वीच हार्वर्डला हरवून आलेला, म्हणजे सगळ्या देशात नाव झालेला. पहिल्याच टप्प्यात ए अँड एमचे गडी एकामागून एक जायबंदी व्हायला लागले आणि राखीव खेळाडूंची बाकं ओस पडली. ई. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी वर पत्रकारांच्या कक्षात बसला होता. आधी तो याच संघात होता, पण बास्केटबॉलसाठी फुटबॉल सोडलेला. त्या दिवशी खेळाडू ओळखून द्यायला पत्रकारांना मदत करत होता. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. एका जखमी खेळाडूचे कपडे त्याने अंगावर चढवले आणि तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. शेवटपर्यंत तसाच. ए अँड एमने सामना २२-१४ असा जिंकला. गिलला आत जावंच लागलं नाही.

एवढीच गोष्ट. आपल्याकडे कुणी रंगवून सांगितली असती तर शेवटच्या मिनिटाला त्याने आत जाऊन सामना फिरवला असता. इथे मात्र पोरगा नुसता उभा राहिला, आणि त्या उभं राहण्याचा पुतळा स्टेडियमबाहेर बसवलेला आहे. 'बसवलेला' म्हणजे अर्थातच उभा.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला बारावा गडी म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणणारा. तिथे 'बारावा माणूस' म्हणजे अख्खा विद्यार्थीवर्ग. अकरांपैकी कुणी कोसळलं तर आम्ही आहोत, हे सांगायला ते उभे असतात. १९८३ मध्ये जॅकी शेरिल या प्रशिक्षकांनी ते शब्दशः घेतलं आणि सामान्य विद्यार्थ्यांमधून मुलं निवडून त्यांची किकऑफसाठी, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्यासाठी, तुकडी केली. आता तसा एक जण बारा नंबरचा शर्ट घालतो. 'पाठीशी उभं राहणं' हे आपण किती सहज बोलून जातो, आणि मग खुर्ची ओढून बसतो.

'ए अँड एम' म्हणजे मुळात ॲग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल. १८७६ साली सुरू झालेलं हे कॉलेज म्हणजे थोडक्यात शेतकी कॉलेज, म्हणून इथले सगळे 'ॲगी', शेतकीवाले. काइल फील्ड हे मैदानही उद्यानविद्येचे प्राध्यापक एडविन काइल यांनी १९०४ मध्ये शेतकीसाठी मिळालेल्या जमिनीच्या तुकड्याला कुंपण घालून तयार केलं. शेतकीच्या त्या तुकड्यावर आज १,०२,७३३ माणसं मावतात, म्हणजे तीन वानखेडे. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर. मॅचच्या दिवशी गावात चोरी करणाऱ्याला काहीच अडचण येऊ नये.

आदल्या मध्यरात्री हे सगळे त्याच मैदानात जमून ओरडण्याची तालीम करतात. तालीम! नाचणाऱ्या चीअरलीडर मुली इथे नाहीत. विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडलेले पाच जण पांढऱ्या कपड्यांत हातवारे करतात आणि त्या खुणांवर हजारो मुलं कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात टेकवून, एका सुरात ओरडतात. ते वाकणं मला फार आवडलं. गुडघ्यांना तेवढाच आधार. मग युद्धगीत लागलं की एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून सगळे डावी-उजवीकडे डोलतात, आणि पायाखालचं काँक्रीटही डोलायला लागतं. मी रूममेटचा हात घट्ट धरला. पाहुण्यांचा बँड वाजत होता तेवढ्यात मात्र चोरून टेकून घेतलं.

पण मला सगळ्यात भावली ती रेव्हेली. ही कुत्री. १९३१ साली विद्यार्थ्यांच्या गाडीखाली आलेल्या एका भटक्या कुत्रीला त्यांनी हॉस्टेलवर आणलं, तिथून ही गादी सुरू झाली. आता कॉली जातीची असते आणि कॅडेट, म्हणजे लष्करी शिस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तिचा हुद्दा सगळ्यांत वरचा. कॅडेटच्या पलंगावर ती झोपली तर कॅडेटने जमिनीवर झोपायचं. वर्गात भुंकली तर तास सुटतो म्हणे. आजवरच्या रेव्हेलींच्या समाधी स्टेडियमच्या उत्तरेला आहेत, तोंड आतल्या धावफलकाकडे. पुढे स्टेडियम वाढलं आणि धावफलक दिसेनासा झाला, तर या लोकांनी समाधींसमोर एक छोटा वेगळा धावफलक लावून दिला. मेलेल्या कुत्र्यांना स्कोअर कळावा म्हणून! मी तिथे हसले, आणि मग जरा वेळ हसता येईना.

आता एवढं सगळं करून हा संघ जिंकतो किती? राष्ट्रीय विजेतेपदं म्हणून जी मिरवतात त्यातलं शेवटचं १९३९ सालचं. आम्ही गेलो त्या रात्रीही तो हरला. मला वाटलं, आता पळा, पार्किंगमधून गाडी निघायला तास लागेल. पोरं हललीच नाहीत. हरल्यावर तिथेच थांबून पुढच्या सामन्यासाठी ओरडायची तालीम करतात. "आपण हरलो नाही, वेळ संपली," असं एक मुलगा मला अगदी गंभीरपणे समजावून गेला. दहावीच्या गणिताच्या पेपरनंतर माझ्या भावाने बाबांना नेमकं हेच सांगितलं होतं.

दरवर्षी २१ एप्रिलला हे लोक जगात जिथे असतील तिथे जमतात आणि त्या वर्षात गेलेल्या ॲगींची हजेरी घेतात. नाव पुकारलं की मेणबत्ती लागते आणि मागे राहिलेलं कुणीतरी त्याच्या वतीने 'हजर' म्हणतं. लेकीने हे सांगितलं तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये होतो. गाडी खरंच तासभर निघाली नाही.

यंदा त्यांची एक मॅच आपल्या सकाळी सहाला होती. फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दूध तापत होतं म्हणून गॅसपाशी थांबले. तेवढ्यात लेकीचा मेसेज आला: "बघतेयस ना? बसून?"

दूध वर आलं. गॅस बंद केला. खुर्ची मागेच होती. दुसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं उरली होती आणि आम्ही तीन गुणांनी मागे होतो.