लाल थराच्या वर पाझर

माउलींच्या पालखीबरोबरच्या वारीतल्या दिवे घाटावर सगळेच लिहितात, म्हणून मी आवरतं घेतो. रथाला जादा बैलजोड्या लागल्या होत्या, डोक्यावर ड्रोन घोंघावत होते आणि रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात खडकाचे आडवे थर दिसत होते. शाळेत भूगोल शिकवतो, नजर तिकडे जाणारच. सासवड झालं, जेजुरीला भंडारा बनियनपर्यंत गेला. रात्री तंबूत घोरण्याचा सप्ताह, पहाटे टँकरपाशी बादल्यांची भांडणं. हेच लोक तासाभराने 'रूप पाहतां लोचनीं' म्हणताना डोळे पुसत होते. मीही पुसत होतो.

वाल्हे सोडल्यावर दुपारी उजव्या टाचेचा फोड फुगला. रस्त्याला सावली नाही, डांबर तापलेलं, मागचा टाळकरी सारखा अर्धी मात्रा पुढे. पिंपरे खुर्दच्या अलीकडे दिंडी पुढे गेली आणि मी एका शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर बसलो. तिथे एक म्हातारबाबा आधीच आत डोकावून बघत होते. दुसऱ्याच दिंडीतले, जिंतूरकडचे.

"माउली, बूट काढा."

"राहू द्या बाबा, पोचतो मी."

"कुठं पोचता? पाय बघा आधी."

त्यांनी पिशवीतून सुई काढली, काडेपेटीच्या जाळावर धरली आणि दोरा ओवला. फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावरून हळूहळू उतरायला लागलं. "कातडं सोलायचं नाही. दोरा पाणी ओढतो." वर हळद-तेल. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर तेच आधी माझ्या पाया पडले.

मग विहिरीबद्दल बोलणं निघालं. बाबांचा जन्म विहिरी खणण्यात गेलेला. बोट खाली करून ते एकेक सांगत गेले: वर वीतभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे ठिपक्यांचा खडक, मग तो लाल पट्टा, खाली काळा पाषाण. मुरमात मोठे गोल धोंडे होते, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. वर्गात हे मी फळ्यावर काढतो: लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तिन्ही बाजूंनी खातं, म्हणून कोपरा आधी कुजतो आणि मधे गोळा उरतो. बाबा म्हणाले, "हे धोंडे सुरुंगाला दाद देत नाहीत, पण पहारीनं सुटतात."

मांजऱ्यात पांढरे ठिपके होते. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे तसेच थिजले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्याने खनिजं आणून भरली. आणि लाल पट्टा? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला तो एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. दोन खेपांच्या मधे इतका काळ गेला की खालच्या थराचा माथा कुजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी मान डोलावली, पण त्यांना त्यातली एकच गोष्ट कामाची होती. "लाल लागला की मी मालकाला म्हणायचो, दम धरा. पाझर त्याच्या वरून येतो. चिकण आहे ती, पाणी खाली जाऊ देत नाही." विहिरीत खरंच त्या पट्ट्याच्या वरची कड ओली होती.

नाव विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तरी माउलीच म्हणाले असते.

नीरेला पादुकांचं स्नान. ढकलाढकलीत एका पोलिसाने मला मागे रेटलं, मीही काहीतरी बोललो. नदीत पाणी होतं, आमच्या अंगावर मात्र थेंब नाही. पश्चिमेला महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथून पुढे फलटण-माळशिरसकडे पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो, आणि डोंगर झिजवून ते पाणी गाळासकट उताराने इकडे येतं. हीच नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि पंढरपुरात चंद्रभागा म्हणून भेटते. माउलींना जिथे न्हाऊ घातलं ते पाणी आपल्याच वाटेला लागलेलं, हे मनात आलं आणि पोलिसावरचा राग गेला. लोणंदला पत्रावळ्यांचा ढीग बघून परत आला.

चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं, मला लोकांच्या पाठी दिसल्या. फलटण, बरड, नातेपुते यांतलं कुठलं कीर्तन कुठे ऐकलं ते आता सांगता येणार नाही. पायाखाली काळी माती आली, एवढं लक्षात आहे. तोच खडक, पार कुजलेला. पाऊस झाला की चपलेला किलोभर चिकटते. वेळापूरच्या उतारावर सगळ्यांबरोबर मीही धावलो. टाच तेव्हा दुखली का, आठवत नाही.

पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते. वळणावर बाहेरच्या काठाला धार जोरात लागते, तिथे कापते. आतल्या बाजूला ती मंदावते आणि वाळू टाकते. आता वर धरणं आहेत, वाळूही उपसतात. वाळवंटात जागोजाग खड्डे, त्यांत शेवाळलेलं पाणी. बुडी मारायला मन घेईना. शेजारची एक मावशी म्हणाली, "चंद्रभागेला नाक मुरडतोस व्हय रं?" मारली.

दर्शनबारी गोपाळपूरच्याही पुढे गेली होती. कळसाला हात जोडले, गर्दीत दोनदा कोपर खाल्लं आणि एसटी स्टँड गाठलं. काल्यापर्यंत रजा नव्हती.