गळाला मोरपीस

फेब्रुवारी सरत आला की नाशकात द्राक्षांची धांदल असते आणि माझं चित्त तीर्थन नदीकडे. हिमाचलात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या विणीसाठी १ नोव्हेंबरपासून मासेमारी बंद असते, ती १ मार्चला उघडते. मत्स्य विभागाचा परवाना मात्र लागतोच.

तोवर मी गंगापूर धरणाच्या काठावर सकाळी सराव करतो, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. इथे ट्राउट नाही, जगणारही नाही. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला सोसवत नाही. पण हात तयार होतो. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली माशीने मासे धरताना, वजन असतं ते दोरीचं, माशी अगदीच हलकी. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे झेप द्यायची. तो क्षणभराचा थांबा मला सगळ्यात प्रिय आहे.

मार्चच्या सुरुवातीला नदी इतकी गार असते की मासा तळाशी, दगडाच्या आडोशाला पडून राहतो. तरंगती माशी तेव्हा फारशी चालत नाही. म्हणून मी निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी दिसणारी बुडती माशी, बांधतो: गळून पडलेल्या मोरपिसाचे दोन-तीन धागे आणि वर तांब्याची बारीक तार, म्हणजे ती खाली उतरते. दुपारी ऊन तापलं की पाण्यातून किडे उठतात, मासाही वर येतो. तेव्हा माशी बदला.

आणि कृपा करून गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा धरण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग सोडलेल्या माशालाही बुरशी लागू शकते.