पातं मऊ निघालं: यांगजियांगच्या कारखान्याकडून भरपाई मिळवताना

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी रंगात येते नेमकी तेव्हाच, 1 ऑक्टोबरपासून, चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी लागते. मी चीनमधून मागवलेल्या 4,000 सिकेटरमधला (छाटणीच्या कात्र्यांमधला) दोष बागांमध्ये उघडा पडला तो याच दिवसांत. तिकडे उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

कात्र्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांगच्या होत्या. चाकू-कात्र्यांसाठी ते शहर नावाजलेलं आहे. पातं एसके 5 या जास्त कार्बनच्या पोलादाचं आणि कडकपणा 56 ते 58 एचआरसी (रॉकवेल मापाने), हे पीआयवर, म्हणजे ऑर्डर पक्की करताना कारखाना देतो त्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, लिहून घेतलं होतं. माल निघण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून तपासणीही झाली होती. नमुना तपासणीच्या आयएसओ 2859-1 या मानकाच्या तक्त्याप्रमाणे एवढ्या लॉटमधून 200 नग काढतात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची पातळी) 2.5 धरलं तर दहा सदोष नगांपर्यंत लॉट पास, अकरावा निघाला की नापास. आमचा लॉट पास झाला होता. तपासनीसाने लॉक पाहिलं, स्प्रिंग पाहिली, फांदी कापून पाहिली. पण मऊ पातंसुद्धा पहिले काही काप छानच घेतं. दिवसभर काड्या कापल्यावरच ते उघडं पडतं.

पिंपळगाव बसवंतच्या दुकानदारांचा पहिला फोन आला. "ताई, पहिल्या दिवशी लोण्यासारखी चालते, दुसऱ्या दिवशी धार वळते. मजूर कात्र्या परत आणून टाकतायत." छाटणी एकरावर उक्ती दिलेली असते. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या माणसांचा रोज कात्रीच्या धारेवर असतो आणि चिरडलेल्या काडीचा त्रास बागायतदाराला. म्हणून सगळ्या दुकानांना सांगितलं की परत आलेली कात्री हातोहात बदलून द्या, पण जुनी फेकू नका, आणि शक्य असेल तर खोक्यावरचा नंबर लिहून ठेवा.

या खोक्याच्या नंबरांनीच वाट दाखवली. तक्रारीचे जवळजवळ सगळे नग सलग नंबरांच्या खोक्यांतले होते, बाकीच्या खोक्यांची ओरड नव्हती. दोन्हीकडची पाती घेऊन अंबड एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत गेले. चांगली पाती 57 च्या आसपास, वाईट पाती 47-48. मग स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, रासायनिक तपासणी केली. कार्बन दोन्हींत एसके 5 च्या 0.80 ते 0.90 टक्के या मर्यादेत बसला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हा खर्च सर्वांत मोलाचा ठरला. पोलाद बरोबर आणि कडकपणा कमी, म्हणजे फसवणूक नव्हे. भट्टीची एक खेप बिघडलेली. टेंपरिंगचं, म्हणजे कडक केलेलं पातं पुन्हा तापवतात तेव्हाचं, तापमान जास्त चढलं की असंच होतं. कारखान्याला "तुम्ही हलकं पोलाद घातलंत" म्हणणं आणि "या खोक्यांच्या पात्यांची भट्टीची नोंद पाहा" म्हणणं यात फार अंतर आहे. पहिल्या वाक्यावर माणूस हटून बसतो, दुसऱ्यावर तो नोंदवही उघडतो.

सुट्टी संपल्यावर विक्री विभागाची मुलगी बोलली ते ठरीव होतं: दुसऱ्या कुणाची तक्रार नाही, पुढच्या ऑर्डरवर 5 टक्के सूट देतो. वीचॅट भारतात 2020 पासून बंद, त्यामुळे सगळं ईमेलवर चाललं. एका दृष्टीने बरंच झालं, प्रत्येक शब्द कागदावर राहिला. मी चिडून लिहिलं नाही. खोक्यांच्या नंबरांचा तक्ता, दोन्ही चाचण्यांचे अहवाल आणि एक व्हिडिओ पाठवला. त्यात खोक्याचा नंबर, पातं आणि यंत्रावरचा आकडा एकाच चौकटीत दिसत होता. त्यानंतर उत्तर मालकाकडून आलं. त्यांनी चूक मान्य केली.

आता भरपाई कशी घ्यायची? पैसे तर गेलेले होते, 30 टक्के आगाऊ आणि 70 टक्के बीएलच्या (जहाजावर माल चढल्याच्या पावतीच्या) प्रतीवर. विमा उत्पादनातल्या दोषाला लागू होत नाही. माल परत पाठवला तर कस्टम्स कायदा, 1962 च्या कलम 74 प्रमाणे भरलेल्या ड्यूटीपैकी 98 टक्क्यांपर्यंत परत मिळू शकते, पण वापरलेल्या मालाला हा दर घटतो, शिवाय जाण्याचं भाडं आणि तिकडची कागदपत्रं वेगळी. छाटणी तर थांबणार नव्हती. तोडगा कात्रीतच होता. पातं एका नटावर बसतं, ते सुटं बदलता येतं. मी पूर्ण कात्र्या मागितल्याच नाहीत, फक्त पाती मागितली, विमानाने, भाडं कारखान्याचं.

इथे एक गोष्ट नव्या आयातदारांना आवर्जून सांगते. बदली माल फुकट आला तरी कस्टम्समध्ये त्याची खरी किंमत दाखवावी लागते आणि त्यावर ड्यूटी भरावी लागते. कारखाना मदत म्हणून इन्व्हॉइसवर नगण्य आकडा टाकायला तयार होता. मी नाही म्हटलं. इन्व्हॉइसवर पात्याची योग्य किंमत, "विनामूल्य बदली" हा शेरा आणि जुन्या इन्व्हॉइसचा नंबर घालून घेतला. सीएचएला (कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला) ईमेलचा पत्रव्यवहारही दिला. जुनी पाती कापून भंगारात टाकल्याचे फोटो कारखान्याने मागितले. ती मागणी रास्त होती, मी पाठवले.

पाती आली तेव्हा उशिराच्या बागांची छाटणी चालू होती. दोन पोरं पाना घेऊन दुकानोदुकान फिरली आणि पाती बदलून दिली.

पुढची ऑर्डर मी त्याच कारखान्याला दिली. माझ्या काही व्यापारी मित्रांना ते पटलं नाही. पण भट्टीची नोंद उघडून दाखवणारा मालक सहज सापडत नाही. नव्या पीआयवर तीन गोष्टी वाढल्या: प्रत्येक पात्यावर भट्टीच्या खेपेचा ठसा, तपासणीत प्रत्येक खेपेतल्या काही पात्यांची कडकपणा चाचणी, आणि लॉट नापास झाला तर फेरतपासणीची फी कारखान्याची. 10 टक्के रक्कम माल पोहोचेपर्यंत राखून ठेवायची मागणीही केली होती. ती त्यांनी मानली नाही, आणि मी ताणली नाही.