आमची वाटचाल : शिशाला कणखर करणारा धातू

आमच्या कारखान्याचा धंदा पहिल्यापासून शिशाच्या मिश्रधातूंचा असला, तरी त्याला वळण दिले ते अँटिमनीने. चांदीसारखा चकाकणारा हा धातू इतका ठिसूळ आहे की हातोड्याच्या घावाने त्याचा चुरा होतो. मऊ शिशात मिसळला की मात्र तोच धातू शिशाला कणखर करतो. या दोघांची सांगड तशी जुनीच आहे : सुरमा म्हणून डोळ्यांत घातले जाणारे स्टिबनाइट हे अँटिमनीचे खनिज, पण त्या नावाखाली शिशाच्या खनिजाची पूडही सर्रास वापरली गेली.

वडिलांनी सुरुवात केली ती छापखान्यांच्या खिळ्यांसाठी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांसाठी, लागणाऱ्या धातूपासून. त्यात मुख्यतः शिसे, जोडीला अँटिमनी आणि थोडे कथील असे. अँटिमनीमुळे ओतलेला धातू थिजताना कमी आकसतो आणि अक्षराची बारीक कडही साच्यातून स्पष्ट उतरते. पुढे खिळ्यांशिवाय होणारी ऑफसेट छपाई आली, जुने खिळे वितळवण्यासाठी आमच्याकडेच परत येऊ लागले, आणि आम्ही बॅटरीच्या प्लेटांसाठी जाळ्यांचा धातू करू लागलो.

शुद्ध अँटिमनी सुमारे ६३१ अंश सेल्सिअसला वितळतो आणि शिसे ३२७ अंशांना. पण मिश्रणात अँटिमनी ११ टक्क्यांच्या आसपास असला, तर ते अवघ्या २५२ अंशांना वितळते. ओतकाम करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार! अडचण निघाली ती वापरणाऱ्यांच्या बाजूने. अँटिमनीमुळे बॅटरीत हायड्रोजन अधिक सुटतो आणि वरचेवर पाणी घालावे लागते. म्हणून जाळ्यांतील त्याचे प्रमाण घटत गेले आणि देखभाल न लागणाऱ्या बॅटऱ्यांत त्याची जागा कॅल्शियमने घेतली.

या बदलात आमच्या हातून एक चूक झाली. कॅल्शियमचा माल आम्ही अँटिमनीच्याच कढईत वितळवला. दोघांचे संयुग होऊन ते मळीबरोबर, म्हणजे वितळलेल्या धातूवर साचणाऱ्या गाळासोबत, वर आले आणि दोन्ही धातूंचे प्रमाण बिघडले. माल वाया गेला, पण खरा धोका मळीचाच होता, कारण अशी मिश्र मळी ओली झाली तर तिच्यातून स्टिबाइन हा विषारी वायू सुटू शकतो. तेव्हापासून कढया, झारे आणि मळीची पिंपे वेगळी ठेवली असून मळीच्या खोलीत पाण्याचा नळ नाही.

आज जगातील अँटिमनीचा मोठा भाग त्याच्या ट्रायऑक्साइडच्या रूपाने ज्वालारोधक प्लॅस्टिक व कापडात जातो. त्या व्यवसायात आम्ही उतरलो नाही, कारण तो रसायनांचा मामला आहे. तरीही त्या मागणीची झळ आम्हाला लागतेच. उत्पादनात चीन आघाडीवर असून १५ सप्टेंबर २०२४ पासून त्याने निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. तेव्हापासून आम्ही नव्या धातूपेक्षा जुन्या बॅटऱ्यांतून निघणाऱ्या अँटिमनीयुक्त शिशावर अधिक भर देतो, आणि दर घाण्याचा नमुना तपासल्याशिवाय माल साच्यात ओतत नाही.